ताटावरचा हात

माझ्या मोठ्या आईच्या घरून कुणी पाहुणा अर्धपोटी उठला, असं खमरियाच्या फॅक्टरी कॉलनीत तुम्हाला कुणी सांगणार नाही. मी सांगू शकते, कारण मी पाहुणी नव्हते.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. फॅक्टरीचं क्वार्टर मोठ्या बाबांच्या नावावर होतं. माझे बाबाही त्याच फॅक्टरीत कामाला होते, पण त्यांना क्वार्टर मिळायला फार वर्षं लागली आणि तोवर आम्ही तिघं त्यांच्याकडेच राहिलो. आई शहराबाहेरच्या एका सरकारी शाळेत शिकवायची. सकाळच्या बसनं जायची, दिवेलागणीला परत यायची. त्यामुळे स्वयंपाकघर मोठ्या आईचं होतं, पळी तिच्या हातात होती, आणि कुणाच्या ताटात काय पडेल ते ती ठरवायची. समोर मी तिला तुम्ही म्हणते. इथे म्हणणार नाही.

आमची माणसं मूळची विदर्भातली, नोकरीसाठी या हिंदी मुलखात आलेली. आमच्यात पाहुणा कधी 'हो, वाढा' म्हणत नाही. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की पोटावरून हात फिरवायचा, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, आणि मग यजमानणीनं त्या हाताखालून वाढायचं. हा खेळ मोठी आई सगळ्या कॉलनीत उत्तम खेळायची. "घ्या हो भाऊजी, एका पोळीनं काय होते? आमच्या अंगणातली चिमणी तुमच्याहून जास्त खाते," असं म्हणत ती पाहुण्याचं मनगट धरून बाजूला करायची आणि पोळी ठेवायची. पाहुणा "अहो वहिनी, बस बस" करत खूश होऊन जेवायचा. घरी जाऊन सांगायचा, काय आग्रह त्या बाईचा.

मी त्या हातांकडे बघत असे. बोलायची सवय नसली की माणूस बघत राहतो. नको म्हणून धरलेल्या त्या हातांची बोटं नेहमी विरळ असायची. भाजी सहज खाली जाईल एवढी जागा त्यांत असायची.

पाहुण्यांचं पाहून मीही तसंच करायला शिकले. आठेक वर्षांची असेन. मोठी आई म्हणाली, "पोळी?" मी म्हणाले, "नको." ती वळली आणि पोळी डब्यात परत गेली. मी हात ताटावर आडवा धरून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसले. वरण थंड झालं. दादा, म्हणजे तिचा मुलगा, माझ्या शेजारीच जेवत होता. त्याला ती विचारतच नसे. त्याचं ताट रिकामं झालं की भरायचं, घंगाळात नळ सोडून ठेवल्यासारखं.

मी इंग्रजी शाळेत जात होते. तिथे डबा खाताना कुणी काही पुढे केलं तर 'नो, थँक यू' एकदाच म्हणायचं असतं, आणि मग कुणी परत विचारत नाही. बरेच दिवस मला वाटायचं की इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मोठी आई माझ्याशी शाळेच्या नियमानं वागते. हे मला तेव्हा पटलंही होतं.

नको म्हटल्यावर मिळत नाही, तर हवं म्हणून बघावं, हे मला तेराव्या वर्षी सुचलं. बुद्धपौर्णिमा होती. विहारातून वंदना करून बाबांच्या फॅक्टरीतले चार-पाच जण बायका-मुलांसह घरी आले होते. खीर होती, काजू घातलेली, दाट. मोठी आई वाट्या भरत, मनगटं धरत ओळीतून फिरत होती. माझी वाटी संपली. ती माझ्यापाशी आली तेव्हा मी वाटी पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठी आई, अजून पाहिजे."

ती थांबली. मग हसली. तिचं हसणं छान आहे, गालाला खळी पडते.

"ऐकलं का बाई," ती पाहुण्या बायकांना म्हणाली. "पोट्टी अजून मागून राहिली. हिच्यासाठी पोरगा पाहायला गेलो की आधी त्यांच्या घरची कोठी पाहा लागीन, धान्य पुरते का नाही."

सगळे हसले. कुणी वाईट मनाचं नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "हो, आत्तापासून सांगून ठेवा, डबल राशन लागते म्हणून." दादा तर लोळला. वाटीत खीर पडली, अर्धी पळी, आणि ती मी कशी गिळली ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून घरात माझं नाव कोठी झालं. मी जेवायला आले की दादा म्हणायचा, "चलो, ताटं लपवा, कोठी आली." मोठी आई त्याला रागवायची, "असं नाही म्हणू रे," आणि पदराआड हसायची. माझी आईही हसायची. ती त्या घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई होती, हसण्याशिवाय तिच्याकडे काही नव्हतं, हे मी आता समजते. तेव्हा समजत नव्हतं आणि तेव्हाचा राग अजून तसाच आहे.

मी मागणं सोडलं. जेवायच्या आधी दोन पेले पाणी प्यायचं, म्हणजे दीड पोळीत भागतं, हे मी स्वतःच शोधून काढलं. चार वाजता शाळेतून आले की दादाला दूध मिळायचं आणि मला चहा. "मुलींना दूध बाधते, लवकर मोठ्या होतात," असं मोठी आई म्हणायची. चहानं भूक मरते, हे ती म्हणायची नाही, पण मला कळलं. मग मी स्वतःच दुसरा कप मागायला लागले. चहा मागितला तर कुणी हसत नसे. आणि ताटावर हात धरायचा, बोटं घट्ट मिटून. त्या बोटांतून पाणीसुद्धा गेलं नसतं.

दहावीत असताना एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मला चक्कर आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. शाळेतून अर्धी रजा टाकून आई आली होती, आणि मोठी आई तर होतीच.

"खाना ठीक से नहीं खाती क्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी बोलायच्या आत मोठी आई म्हणाली, "कितना भी बोलो मॅडम, ये नको-नको ही करती है. हमारे घर में खाने की कमी है क्या? पूरी कॉलनी खाके जाती है."

"डाइटिंग चल रहा होगा," डॉक्टरीणबाई हसल्या आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

यात खोटं काही नव्हतं. मी नकोच म्हणत होते. कॉलनी खरंच खाऊन जात होती. मी आईकडे पाहिलं. परत येताना टेम्पोत आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "खात जा गं बाई. काहून असं करतेस? मोठी आई किती करते तुझं." टेम्पोत पलीकडे मोठी आई बाहेर बघत बसली होती. तिच्या गालाला खळी होती का, ते मला दिसलं नाही. पण मी त्या टेम्पोत ठरवलं की एक दिवस हिला माझ्या हातचं जेवायला बसवायचं, नको म्हणायला लावायचं, आणि तिचा शब्द पाळायचा.

त्यासाठी आधी मला स्वतःची पळी हवी होती. मी वाट पाहिली. बाबांना क्वार्टर मिळालं, पुढे ते रिटायर झाले, महाराजपूरला घर बांधलं, आणि मग वारले. मोठे बाबा त्यांच्या आधीच गेले होते. मला नोकरी लागली. आई रिटायर झाली आणि गुडघ्यांमुळे घरी बसली, तेव्हा स्वयंपाकघर आपोआप माझं झालं. मधल्या काळात मोठी आई बरेचदा यायची, पण चहापुरती. चहाच्या कपात काही करता येत नाही.

मग एका थंडीत दादाच्या बायकोचे, म्हणजे वहिनीचे, वडील नागपूरला आजारी पडले. दादा आणि वहिनी तिकडे गेले आणि मोठ्या आईला अन् आपल्या मुलीला आठवडाभर आमच्याकडे सोडून गेले. मुलगी तेरा वर्षांची. शाळेला सुट्टी होती. मोठी आई आता थकली होती, एकटीनं स्वयंपाक होत नव्हता.

पहिल्या दिवशी मी सुट्टी घेतली. मटारची उसळ केली, वरण केलं, आणि सांबारवडी केली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि मोठ्या आईचा जीव या वडीत आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. सारण जरा तिखट, वर खसखस, पारी कुरकुरीत. कुणाच्या प्रेमात पडले असते तरी एवढ्या मन लावून मी वडी केली नसती.

ती जेवायला बसली. तिला एक वडी वाढली. तिनं ती डोळे मिटून खाल्ली. मी ताटली घेऊन तिच्यापाशी गेले.

"वडी घेता, मोठी आई?"

"नको बाई, झालं," तिनं हात आडवा धरला. बोटं विरळ होती.

"बरं," मी म्हणाले आणि ताटली पुढे नेली.

तिचा हात तिथेच राहिला. थोड्या वेळानं तिनं तो काढून वरणात बुडवला. आई म्हणाली, "अगं, वाढ नं त्यांना."

"नको म्हणाल्या नं."

"तसं नसते काही—"

"मग कसं असते?"

नंतर स्वयंपाकघरात आईनं मला गाठलं. "काहून असं करून राहिली तू? म्हातारी आहे ती."

"काय केलं मी? विचारलं, नको म्हणाल्या. कितना भी बोलो, नको-नको ही करती है."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला दवाखाना आठवला, हे मला दिसलं. ती वड्यांवर झाकण ठेवून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी भात वाढायला आई स्वतः उठली, गुडघे दुखत असताना. "भात घेता का ताई?" तिनं आपल्या जाऊबाईला विचारलं. मोठी आई म्हणाली, "नको गं, पोट भरलं." आणि माझ्या आईनं, जिनं जन्मभर कुणाला दुखवलं नाही, भाताचं पातेलं उचललं आणि परत नेलं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नव्हतो.

मोठी आई मागणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिच्या लेखी मागणं म्हणजे काय, ते तिनंच मला शिकवलं होतं. एवढ्यावर मी सुखानं आठवडा काढला असता. पण भाचीकडे माझं लक्ष गेलं.

ती जेवायला बसायच्या आधी पाणी पीत होती. दोन पेले. सावकाश, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. चार वाजता "आत्या, चाय है?" म्हणायची, आणि तासाभरानं पुन्हा. मी पोळी घेऊन गेले की "मुझे नहीं चाहिए आत्या," आणि हात ताटावर. बोटं मिटलेली. तिला घरी काय म्हणतात ते मी विचारलं. ती खांदे उडवून म्हणाली, "कुछ नहीं. आजी मज़ाक में गोदाम बोलती है."

माझ्या हातातली पोळी मी डब्यात ठेवली. इतक्या वर्षांत कोठीचं गोदाम झालं होतं, बाकी काही बदललं नव्हतं. मला वाटत होतं की मोठ्या आईनं फक्त माझं केलं ते केलं. ती तर अजून करत होती. आणि मी एका म्हातारीला दोन वड्या कमी वाढून खूश होत होते.

मग मी मोठ्या आईकडे लक्ष देणं सोडलं. तिचं खरं नुकसान कशात आहे ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वेटरची लोकर घ्यायच्या निमित्तानं मी भाचीला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात नेलं. लोकर घेतली आणि मग गरम खोव्याची जिलबी घेतली. तिला एक दिली. तिनं ती पटकन संपवली, कागद चाटला आणि मान खाली घातली.

मी दुसरी मागवली आणि तिच्यासमोर उभी राहून सावकाश खाल्ली. ती बघत होती.

"पाहिजे?" असं मी विचारलं नाही. मी म्हणाले, "मी कुणाला विचारत नाही. जो मागेल त्याला देते."

बराच वेळ ती लोकरीच्या पिशवीचा बंद पिळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आत्या. एक और."

"मराठीत."

"अजून एक पाहिजे."

मी दोन दिल्या. तिनं दोन्ही खाल्ल्या, ओठांना पाक लागला तो पुसलाही नाही. घरी जाताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "आत्या, तुम मोटी क्यों नहीं हुई?" मी म्हणाले, "उशिरा सुरू केलं." ती हसली. मग मी म्हणाले, "हेच आज रात्री आजीसमोर म्हणायचं. जेवताना."

"आजी डाँटेगी."

"डाँटेगी नाही. हसेल. हसली की काय करायचं?"

"क्या?"

"परत मागायचं. तेच वाक्य. ती हसायची थांबेपर्यंत."

त्या रात्री मी सांबारवडी पुन्हा केली. सगळी भांडी ओळीनं मधे ठेवली आणि पळी माझ्याकडे. भाचीनं त्या दिवशी पाणी प्यायलं नाही, मी पाहत होते. एक वडी संपली, एक पोळी संपली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"आत्या," ती म्हणाली. आवाज जरा फाटला. "अजून पाहिजे."

मोठ्या आईनं मान वर केली आणि तिच्या गालाला खळी पडली. "पाहा," ती माझ्या आईला म्हणाली, "गोदाम उघडलं. आता ह्यांच्या घरचं काही खरं नाही."

माझी आई हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हसली नाही. मी वडी वाढली.

मुलीचे कान लाल झाले होते. तिनं वडी तोडली, खाल्ली, आणि ताट पुढे केलं. "अजून पाहिजे."

"अगं पोरी, पोट दुखीन," मोठी आई म्हणाली. अजून हसतच होती, पण हसायला साथ देणारं कुणी नव्हतं. भरल्या खोलीत एकटं पडणं कसं असतं ते मला माहीत होतं, फक्त मी आजवर दुसऱ्या बाजूला होते.

"अजून पाहिजे," मुलगी म्हणाली. या वेळी आवाज फाटला नाही.

मी वाढलं. मोठ्या आईची खळी गेली. तिची नजर ताटलीत उरलेल्या वड्यांवर गेली आणि तिथेच राहिली. तिचं ताट रिकामं होतं. तिनं ते बोटानं जरा पुढे सरकवलं, फारच थोडं. कुणी बघत नसतं तर ते चुकून सरकलं असं वाटलं असतं.

मी पळी हातात धरून थांबले. मला एकच शब्द हवा होता. पाहिजे म्हण, एकदा म्हण, तुझ्या नातीनं तीनदा म्हटलं. मी सगळी ताटली तुझ्या ताटात रिकामी करते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी का थांबले आहे ते तिला कळलं. मग ती ताटात हात धुवून उठली. भाचीनं उरलेल्या वड्यांकडे बोट केलं, आणि त्या मी तिला दिल्या.

दादा आणि वहिनी परत आले आणि दोघींना घेऊन गेले. जाताना मोठी आई नेहमीसारखी सगळ्यांशी बोलली, माझ्याशीही. माफ करावं, असं आई हल्ली म्हणते. मी तिला म्हणते, कर की. माझ्याकडून तसं काही झालेलं नाही आणि होईल असं वाटत नाही.

महिन्याभरानं मोठ्या आईचा फोन आला.

"काय करून ठेवलं तू त्या पोट्टीचं?" ती म्हणाली. "तुझ्याकडून आल्यापासून नुसती मागते. दूध मागते. चहा दिला तर ठेवून देते. काल सोयऱ्यांच्या समोर दोनदा भाजी मागितली, मला तर लाज वाटली. पार बिघडवून पाठवली."

मी खुर्ची ओढून बसले. एवढ्या चांगल्या गोष्टी उभ्यानं ऐकू नयेत.

"मग दिली का भाजी?" मी विचारलं.

"द्यावीच लागली, काय करता. सगळे पाहून राहिले होते." फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज होता, आणि त्यात वहिनीला काहीतरी सांगणारा मुलीचा आवाज. "हे पाहा, आताही मागूनच राहिली. ऐकलं का तू?"

मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"नाही आलं, मोठी आई," मी म्हणाले. "तिला जरा मोठ्यानं मागायला सांगा."